पुस्तक वाचून झालं, आता लेखकाला कळवू का? वाचकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात राहते, कथा-कादंबऱ्या लिहिते आणि इतरांच्या हस्तलिखितांचं संपादनही करते. टिळक रस्त्यावर साहित्य परिषदेतला कार्यक्रम असो, कोथरूडच्या एखाद्या सोसायटीत भरणारं वाचक मंडळ असो, की अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात उभ्या उभ्या झालेली गाठ असो, प्रश्न फिरून फिरून तेच येतात. बहुतेकांच्या मुळाशी एकच संकोच असतो: लेखकाला सांगणारे आपण कोण? तो संकोच जावा म्हणून ही उत्तरं लिहिली आहेत. सगळ्या लेखकांच्या वतीने बोलण्याचा अधिकार मला नाही; पण ज्यांच्याबरोबर काम केलं त्यांच्याकडून ऐकलेलं बरंच यात आलं आहे.

लेखकाला वाचकाची प्रतिक्रिया खरंच हवी असते का?

हो, आणि वाचकांना वाटतं त्याहून पुष्कळ जास्त. पुस्तक निघाल्यावर लेखकाच्या घरी काय होतं ते बाहेरून दिसत नाही. प्रकाशन समारंभ होतो, पाहुणे चांगलं बोलतात, फोटो निघतात. आठवडाभर अभिनंदनाचे फोन येतात. त्या फोनवर बोलणाऱ्यांपैकी जवळजवळ कुणीच पुस्तक अजून वाचलेलं नसतं, आणि ते स्वाभाविकच आहे. मग सगळं थांबतं. महिना जातो, दोन महिने जातात. लेखक प्रकाशकाला विचारतो, ‘काही हालचाल?’ प्रकाशक म्हणतो, ‘जातायत हळूहळू.’ जाणाऱ्या प्रती कुणाच्या घरी पोचल्या, कुणी उघडल्या, कुणी अर्ध्यात ठेवल्या, यातलं काहीही लेखकापर्यंत येत नाही.

मराठीत एकेकाळी कथा-कादंबरीची आवृत्ती हजार-अकराशे प्रतींची असे. आता पाचशेची किंवा त्याहूनही लहान आवृत्ती सर्रास निघते. त्यातल्या काही प्रती ग्रंथालयांत जातात, काही भेट म्हणून वाटल्या जातात. तीन-चार वर्षं लिहिलेल्या कादंबरीला पहिल्या वर्षात चार-पाच पत्रं आली तरी लेखक त्याला चांगला प्रतिसाद म्हणतो. म्हणजे तुमचं पत्र शेकडो पत्रांत हरवेल ही भीती मनातून काढून टाका. बहुतेक वेळा त्या आठवड्यात आलेलं ते एकमेव पत्र असतं.

नाटककाराला ही वाट पाहावी लागत नाही. भरत नाट्य मंदिरात मागच्या रांगेत बसलं, की कुठल्या वाक्याला प्रेक्षागृह शांत झालं आणि कुठे खोकल्याचे आवाज सुरू झाले, हे त्याच संध्याकाळी कळतं. आपली परंपराही समोरच्या श्रोत्याचीच आहे. ज्ञानेश्वरीत नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे आधी अवधान मागतात आणि मग विषयाला हात घालतात. छापील पुस्तकाच्या लेखकाला ते अवधान मिळालं की नाही, हे तुम्ही सांगितल्याशिवाय समजण्याचा मार्गच नाही.

‘छान आहे, आवडलं’ एवढं कळवलं तर चालेल का?

चालेल, जरूर कळवा. पण एक ओळ वाढवता आली तर पाहा. कुठलं पान, कुठलं पात्र, कुठला प्रसंग? ‘तुमची कादंबरी अप्रतिम’ हे वाक्य पुस्तक न वाचताही लिहिता येतं, आणि लेखकाला ते ठाऊक असतं. ‘ती बस स्टँडवर भावाला पैसे देते आणि तो मोजत नाही, तिथे मी थांबलो’ असं वाक्य वाचल्याशिवाय येत नाही.

माझ्या एका कादंबरीबद्दल सोलापूरहून एका बाईंनी लिहिलं होतं, की या गोष्टीतली आई सबंध पुस्तकात एकदाही बसून जेवत नाही. मी हे ठरवून केलेलं नव्हतं. पुस्तक उघडून पाहिलं तर खरंच, ती उभ्यानेच खाते, नाहीतर ‘तुमचं होऊ दे’ म्हणते. माझ्या हातून जे लिहिलं गेलं ते मला त्या पत्रामुळे दिसलं. त्या पत्रात ‘आवडलं’ हा शब्द कुठेही नव्हता, आणि मला तो आठवलाही नाही.

लेखकाला सर्वांत जास्त हवं असतं ते हेच: आपण लिहिलेलं कुणीतरी नीट वाचलं याची खूण. कौतुकानेही आनंद होतो, पण असल्या खुणेच्या जोरावर पुढची दोन-तीन वर्षं टेबलाशी बसता येतं.

चुका दाखवल्या तर लेखकाला राग येतो का?

पुण्यात हा प्रश्न विचारला जातो याचंच मला अप्रूप वाटतं, कारण इथे चुका दाखवल्या जातातच. ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या समासात पेन्सिलीने ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेलं असतं. कुठे ‘हे अशक्य’, कुठे ‘पृ. 42 पाहा’. पुणे नगर वाचन मंदिराची स्थापना 1848 ची, पुणे मराठी ग्रंथालयाची 1911 ची. इतक्या पिढ्या वाचत आलेल्या शहरात समास कोरे राहायचे नाहीत. (ग्रंथालयाच्या पुस्तकावर लिहू नये हे माझंही मत आहे. तरी त्या नोंदी मी आवडीने वाचते.)

राग येतो तो थोडा वेळ. मग लेखक कपाटातून पुस्तक काढतो आणि तपासतो. मी संपादन केलेल्या नव्हे, पण माझ्या परिचयाच्या एका कादंबरीत पानशेतचा पूर मध्यरात्री शहरात शिरतो असं लिहिलेलं होतं. नारायण पेठेतल्या एका वयस्कर वाचकाने सविस्तर पत्र पाठवलं. 12 जुलै 1961, बुधवार, दिवसाढवळ्या पाणी आलं, आणि ते स्वतः शाळकरी वयात कुणाच्या गच्चीवर होते. कोणत्या वाड्याची भिंत आधी खचली, लोकांनी काय डोक्यावर घेतलं आणि काय टाकून दिलं, सगळं पत्रात होतं. लेखकाने पुढच्या आवृत्तीत तो प्रसंग पुन्हा लिहिला. माझ्या मते तो कादंबरीतला सर्वांत चांगला प्रसंग झाला. त्या दोघांची पुढे अनेक वर्षं पत्रापत्री चालली.

चूक दाखवताना एवढंच पाहावं, की ती लेखकाची आहे की पात्राची. एखादी मोलकरीण, हमाल किंवा माणदेशातून आलेला विद्यार्थी जसा बोलतो तसा लिहिला असेल, तर ‘पानी’ला ‘पाणी’ करून पाठवणं हे दुरुस्ती म्हणता येत नाही. त्या माणसाची भाषा ती आहे. लेखकाने ती कान देऊन ऐकलेली असते आणि मुद्रितशोधकापासून कष्टाने वाचवलेली असते. तारीख, ठिकाण, झाडाचा फुलण्याचा हंगाम, कायद्याचं कलम, नात्यातला गोंधळ (पहिल्या भागातली आत्या तिसऱ्या भागात मावशी होणं हे दिसतं त्याहून जास्त वेळा घडतं) या गोष्टी मात्र बिनधास्त कळवा. पान क्रमांक आणि आवृत्ती लिहा, म्हणजे शोधाशोध करावी लागत नाही.

पुस्तक आवडलं नाही. तसं सांगावं का?

लेखकाने विचारलं असेल तर खरं सांगा. विचारलं नसेल, तर सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं, कारण न आवडलेल्या प्रत्येक पुस्तकाबद्दल पत्र लिहिण्याचं बंधन कुणावर नाही.

सांगणार असाल, तर कुठे सुटलं ते सांगा. ‘साठाव्या पानानंतर मला पुढे जावंसं वाटेना, कारण नायकाला काय हवंय तेच समजत नव्हतं’ हे ऐकायला कठीण जातं, पण ते वाक्य लेखक वर्षभर डोक्यात ठेवतो. ‘टुकार’ हा शब्द मात्र एक रात्र झोप घालवण्यापलीकडे काही करत नाही.

परीक्षण आणि पत्र यांत फरक करावा असं मला वाटतं. परीक्षण इतर वाचकांसाठी असतं. त्यात पुस्तक विकत घ्यावं की नाही याचं स्पष्ट मत हवं, आणि लेखकाला काय वाटेल याचा विचार करून ते मऊ करू नये. पत्र लेखकासाठी असतं, तिथे एका माणसाने दुसऱ्याशी बोलावं तसं बोलावं. हल्ली फेसबुकवर या दोन गोष्टी एक होतात: पुस्तक झोडपणारी पोस्ट लिहायची आणि तिच्यात लेखकाला टॅग करायचं. पोस्ट लिहिण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. टॅग करून त्याला चारशे लोकांच्या चर्चेत ओढण्याची गरज नसते. त्याला वाचायचं असेल तर तो शोधून वाचतो, आणि बहुतेक जण शोधतातच.

ऑनलाइन दुकानावर तारे देताना काय पाहावं?

पुस्तकाचे तारे पुस्तकाला द्या. पार्सल भिजून आलं, कोपरा दुमडला, उशीर झाला, यासाठी विक्रेत्याला अभिप्राय देण्याची वेगळी सोय असते. मराठी पुस्तकाखाली जेमतेम सात-आठ अभिप्राय असतात, तिथे एक तारा फार जड जातो.

‘ही तुमचीच गोष्ट आहे ना?’ असं विचारलेलं लेखकांना का आवडत नाही?

कारण खरं उत्तर लांब असतं आणि विचारणाऱ्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ हवं असतं. लेखकाने पाहिलेलं, ऐकलेलं, सोसलेलं आणि रचलेलं असं एकात एक मुरलेलं असतं, की काही वर्षांनी त्याला स्वतःलाही ते वेगळं काढता येत नाही.

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ 1963 साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने प्रकाशित केली. खानदेशातून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर आणि खानदेशातूनच येऊन पुण्यात शिकलेला लेखक ही दोन माणसं वाचकांच्या मनात तेव्हापासून एकमेकांत मिसळलेली आहेत. पुस्तकाने वाचकाला इतकं धरून ठेवल्याचंच ते लक्षण आहे, त्यामुळे या प्रश्नाचा राग धरण्यात अर्थ नाही.

बायकांच्या बाबतीत मात्र हा प्रश्न वेगळ्या सुरात येतो, आणि तो सूर मला आजही सलतो. 1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावाने आला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्नाविना राहिलेल्या मुलींच्या मनातलं त्यात उघड लिहिलेलं होतं. वादळ उठलं, आणि कथांत काय म्हटलंय यापेक्षा ही बाई कोण, हा शोध जोरात सुरू झाला. त्या नावामागे बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर होत्या. टोपणनाव घेतलं नसतं तर त्या काळात त्यांना पुण्यात शिक्षिका म्हणून वावरणं किती अवघड झालं असतं, याची कल्पना करून पाहा.

आज टोपणनावं कमी झाली. पण एखाद्या लेखिकेने विवाहबाह्य नात्यावर कादंबरी लिहिली, की वाचक मंडळात कुणीतरी हळूच विचारतं, ‘मिस्टरांनी वाचलीय का?’ पुरुष लेखकाला त्याच्या बायकोबद्दल असं विचारलेलं मी ऐकलेलं नाही. विचारायचंच असेल तर ‘हे सुचलं कुठून?’ असं विचारा. त्यावर लेखक तासभर आनंदाने बोलेल.

लेखकाच्या मनात नसलेला अर्थ मला लागला तर तो चुकीचा का?

चुकीचा नाही. पुस्तकातल्या शब्दांचा आधार असला की पुरे. लेखकाने ‘असं माझ्या मनात नव्हतं’ म्हटलं तरी तुमचा अर्थ रद्द होत नाही. बहुतेक लेखकांना असं काही ऐकलं की आतून आनंद होतो, भले चर्चेत ते मान डोलावून गप्प बसोत. फक्त लेखकाच्या तोंडी तो अर्थ घालू नका. ‘मला असं दिसलं’ म्हणा.

‘तुमच्या पुस्तकांत आमचं जगणं नाही’ असं म्हटलं तर लेखक दुखावतो का?

दुखावला तर दुखावू द्या. ही प्रतिक्रिया सर्वांत मोलाची आहे, आणि तिची मराठीतली सर्वांत मोठी घटना याच शहरातली आहे.

न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने मराठी ग्रंथकारांची पहिली सभा 1878 साली पुण्यात भरली. दुसरी 1885 साली, तीही पुण्यात. दुसऱ्या सभेचं निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेलं. त्यांनी यायला नकार दिला आणि कारणं लिहून कळवली. सारांश असा: जे लोक माणसांना माणसाचे हक्क मनापासून द्यायला तयार नाहीत, त्यांच्या सभांशी आणि त्यांच्या पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही. शूद्र-अतिशूद्रांना काय सोसावं लागतं हे या ग्रंथकारांना ठाऊक नाही, तेव्हा ते त्यांच्या पुस्तकांत येणार कुठून?

मी ते पत्र एक वाचक म्हणून वाचते. फुले स्वतः ग्रंथकार होतेच, पण इथे ते सगळ्या मराठी साहित्याला एका वाचकाने द्यावा तसा अभिप्राय देत होते. तेव्हाच्या ग्रंथकारांनी तो पुरेसा मनावर घेतला असं दिसत नाही. त्याचं भरभक्कम उत्तर मिळायला दलित साहित्याची वाट पाहावी लागली. 1978 साली दया पवारांचं ‘बलुतं’ आलं, तोपर्यंत त्या पत्राला नव्वदहून जास्त वर्षं उलटली होती.

म्हणून एखादी मुलगी सभेत उभी राहून म्हणाली, ‘मॅडम, तुमच्या कादंबरीत भांडी घासणाऱ्या बाईला नावच नाही,’ तर लेखकाने खुलासा करायला लागू नये, ऐकून घ्यावं. आणि तुम्ही तसं म्हणणार असाल तर आवाज खाली आणायची गरज नाही.

पात्राला का मारलंत, शेवट का बदलला नाहीत, असं विचारलेलं चालतं का?

चालतं, आणि लेखकांना त्यातून बळ मिळतं, कारण ज्याच्या मरणाचा राग आला तो माणूस वाचकासाठी जिवंत होता. आर्थर कॉनन डॉयल यांनी 1893 साली शेरलॉक होम्सला मारून टाकलं, कारण त्यांना त्याचा कंटाळा आला होता. वाचक इतके चिडले आणि मागणी इतकी टिकून राहिली, की 1903 साली त्यांना तो जिवंत असल्याचं दाखवावं लागलं. पण सगळ्या लेखकांनी असं करावं अशी अपेक्षा ठेवू नका. शेवट हा बहुतेक पुस्तकांत सर्वांत जास्त वेळा लिहिलेला भाग असतो.

एखाद्या पुस्तकाने भावना दुखावल्या तर वाचकाने काय करावं?

लिहावं, बोलावं, उलट पुस्तक लिहावं, सभेत प्रश्न विचारावेत, पुस्तक विकत घेऊ नये, इतरांनाही घेऊ नका म्हणावं. हे सगळं वाचकाच्या हक्कातलं आहे आणि लेखकाने ते सहन करायला हवं. धमकी, जाळपोळ आणि लेखकाच्या घरासमोर जमाव ही प्रतिक्रिया नव्हे. ती पुढचं लिहिणं बंद पाडण्याची कृती आहे, आणि ती अनेकदा यशस्वी होते.

इंग्लंडमध्ये टॉमस हार्डी यांची ‘ज्यूड द ऑब्स्क्योर’ 1895 साली पुस्तकरूपाने आली. एका बिशपने ती आगीत टाकल्याचं जाहीर केलं. हार्डी त्यानंतर 1928 पर्यंत जगले, कविता लिहीत राहिले, पण नवी कादंबरी त्यांनी लिहिली नाही. तमिळ लेखक पेरुमाळ मुरुगन यांनी 2015 च्या जानेवारीत, आपल्या कादंबरीविरुद्ध गावात आंदोलन पेटल्यावर, आपल्यातला लेखक मेला असं जाहीर केलं. 2016 च्या जुलैत मद्रास उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि त्यांनी पुन्हा लिहावं असं निकालपत्रात म्हटलं. ते पुन्हा लिहू लागले.

आपल्याकडे पुण्यात राहणारे आनंद यादव 2009 च्या महाबळेश्वर साहित्य संमेलनाचे निवडून आलेले अध्यक्ष होते. संत तुकारामांवरच्या त्यांच्या कादंबरीवरून वारकऱ्यांचा रोष झाला. त्यांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतलं, तरी विरोध शमला नाही, आणि त्यांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. संमेलन अध्यक्षांविना पार पडलं. तुकोबांवर जीव असणाऱ्या माणसाला त्या पुस्तकातलं चित्रण खुपलं असेल हे मी समजू शकते. माझ्याही घरात वारी आहे. पण त्या खुपण्याचं उत्तर चर्चेतून देता आलं असतं. त्याऐवजी एक वयस्कर लेखक एकटा पडला, आणि त्याच्या बाजूने उभे राहायला हवे होते ते बरेच जण गप्प राहिले. लेखकांच्या मनात हे खोल बसतं. तेव्हापासून मी कितीतरी लेखकांना हस्तलिखितातली ओळ दाखवून विचारताना ऐकलं आहे, ‘यावरून काही होणार नाही ना?’ एक चांगली ओळ त्या प्रश्नापाशी गळून पडते आणि ती कुणाला कधीच दिसत नाही.

व्हॉट्सअॅपवर आलेली पीडीएफ वाचली आणि खूप आवडली. लेखकाला कळवू का?

कळवा, पण आधी पुस्तक विकत घ्या किंवा ग्रंथालयातून आणा. ‘सर, तुमच्या पुस्तकाची पीडीएफ आमच्या ग्रुपवर सगळ्यांनी वाचली, फारच सुंदर!’ असा निरोप येतो तेव्हा लेखकाला काय वाटतं ते सांगणं कठीण आहे. वाचलं गेल्याचा आनंद खरा असतो. पण पाचशेच्या आवृत्तीतल्या शंभर प्रती अजून प्रकाशकाच्या गोदामात असतात, आणि पहिली आवृत्ती संपल्याशिवाय दुसरं पुस्तक काढायला प्रकाशक धजत नाही.

कायदाही स्पष्ट आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतात. पु. ल. देशपांडे 2000 साली गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावरचे हक्क 2060 च्या अखेरपर्यंत आहेत. परीक्षणासाठी किंवा चर्चेसाठी काही ओळी उद्धृत करायला कायद्याची मुभा आहे, तेवढ्या खुशाल पाठवा. अख्खं पुस्तक स्कॅन करून फिरवू नका. परवडत नसेल तर लेखकाला तसं सरळ लिहा. अनेक लेखक आपल्याकडची प्रत पोस्टाने पाठवतात.

पुस्तक महोत्सवात लेखक भेटले तर काय बोलावं?

फर्ग्युसनच्या मैदानावर 2023 पासून डिसेंबरात भरणाऱ्या पुणे पुस्तक महोत्सवात हे दृश्य रोज दिसतं: लेखक स्टॉलवर बसलेला, वाचक पाच फुटांवर घुटमळणारा, आणि दोघेही अवघडलेले. पुढे व्हा, नाव सांगा, काय वाचलं ते सांगा. ‘तुमचं सगळं वाचलंय’ म्हणण्यापेक्षा एका कथेचं नाव घ्या. काहीच वाचलं नसेल तर ‘पहिलं कुठलं वाचू?’ असं विचारा. लेखकाला हा प्रश्न फार आवडतो, कारण त्याच्या मनात त्याचं उत्तर केव्हाचं तयार असतं.

पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही. आवडलं नसेल का?

बहुधा तसं नसतं. काही जण लगेच उत्तर देतात. काहींना पत्र इतकं भिडतं की साजेसं उत्तर सुचेपर्यंत सहा महिने जातात, आणि मग उशिराची लाज वाटून ते राहूनच जातं. काही जण नवं काही लिहायला बसले की टपाल उघडतच नाहीत. सभा-समारंभांपासून लांब राहणाऱ्या जी. ए. कुलकर्णींना लोक अबोल समजत, पण त्यांच्या निवडक पत्रांचे चार खंड निघाले आहेत. माणूस कुठे बोलेल याचे नियम नसतात. पत्ता हवा असेल तर प्रकाशकामार्फत पाठवा. लेखकाचा खासगी नंबर कुणाकडून मिळवून रात्री दहाला फोन करू नका.

माझं पहिलं पुस्तक आलं आहे. घरचे आणि मित्र वाचतच नाहीत. काय करू?

त्यांना विचारणं थांबवा. जवळची माणसं पुस्तकात तुम्हाला आणि स्वतःला शोधत असतात, त्यामुळे त्यांना वाचायची धास्ती वाटते. काही जण वाचूनही सांगत नाहीत. तुमचा खरा वाचक बहुधा तुम्ही न पाहिलेल्या गावात आहे. पुस्तकाच्या शेवटी एक ईमेल पत्ता छापा. प्रकाशक जागा नाही म्हणाले तरी आग्रह धरा. दिवाळी अंकात एखादी कथा आली असेल तर तिथेही द्या, कारण दिवाळीनंतरच्या दोन-तीन महिन्यांत वाचक सवडीने वाचतात आणि लिहितातही.

लेखक हयात नसतील तर प्रतिक्रिया कुणाला कळवावी?

प्रकाशकाला कळवा. चुका सापडल्या असतील तर पुनर्मुद्रणाच्या वेळी त्या सुधारता येतात, म्हणून पान आणि आवृत्ती लिहाच. पुस्तक बाजारात मिळत नसेल तर ‘मला हवं आहे, आमच्या मंडळातल्या आणखी कुणाकुणाला हवं आहे’ असं स्पष्ट लिहा. जुनं पुस्तक पुन्हा काढायचं की नाही याची चर्चा होते तेव्हा संपादक अशी पत्रं पुढे ठेवतो. तोंडी मागणी दुकानाच्या काउंटरवरच विरते. हक्क घरच्यांकडे असतात, त्यामुळे प्रकाशकाला तुमचं पत्र त्यांच्यापर्यंत पोचवायला सांगा. पत्रात तुमचं नाव आणि गाव लिहा, आणि ते पुस्तक तुम्ही पहिल्यांदा कुठे वाचलंत तेही.